शिळा सण

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिमोन झिराडकर खोटं बोलले. इतक्या सहज बोलले, की दार लावून, खुर्चीत येऊन बसून, गार झालेल्या चहाचा घोट घेईपर्यंत आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. दारात एक पन्नाशीची बाई उभी होती. धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. गल्लीतल्या एकेका दारात थांबत ती इथवर आली होती.

"मी गोजरबाई. वर ऱ्हाती त्या दैवशालाची माय," ती म्हणाली. "कुंभार पिंपळगावहून आले. लेक सरकारी दवाखान्यात हाय. काल सांजच्याला ठेसनावर पडली व्हती. कुन्या रिक्षावाल्यानं उचलून नेली. धड सूद न्हाई तिला. दार वाजिवलं, दार वाजिवलं, येवढंच बरळून राह्यली. कुनाचं ते सांगंना." मग तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझी लेक तुमच्या दाराशी आल्ती का?"

"नाही," शिमोन म्हणाले. "मी काल दिवसभर आतच होतो. मला काही ऐकू आलं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली.

चहाच्या त्या घोटाबरोबर ते सगळं पोटात उतरलं. आदल्या दिवशी चोवीस तासांहून जास्त वेळ त्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. काल संध्याकाळी तीन तारे दिसल्यावर त्यांनी उपास सोडला होता, आणि सोडताना दर वर्षीसारखं वाटलं होतं, की आपण आतून धुऊन निघालो, आता वर्षभर या कपड्यावर डाग पडला नाही तर बरं. झिराडकरांचं घराणं बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं. अलिबागेकडं त्यांच्या आज्याला शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्याचा घाणा बंद असे. जालन्यात चाळीस वर्षं काढून शिमोनना कुणी तसं म्हटलं नाही. इथं त्यांना कुणी खिस्ती समजायचं, कुणी कोकणातले बामण समजायचं, आणि पहिली काही वर्षं समजावून सांगितल्यावर त्यांनीही "तसंच काहीतरी" म्हणायला सुरुवात केली. बायको हन्ना जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही मुलं इस्राएलात, समुद्राजवळच्या एका गावी. नव्या जालन्यातल्या या गल्लीत, बियाण्यांच्या कचेऱ्यांच्या मागं, सण पाळणारे ते एकटे उरले. वर्षातला सगळ्यात मोठा उपास आला की ते पांढरा सदरा-लेंगा घालत, खिडक्या लावून घेत, कडी सरकवत. त्यांच्यात या दिवसाला दार फळणीचा सण म्हणतात. दार फळायचं, म्हणजे बंद करायचं. त्या दिवशी कुणाकडं जायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही, फक्त देवासमोर उभं राहायचं. आणि दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, एकमेकांकडं जायचं, दारात येईल त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं. हन्ना होती तेव्हा आदल्या दिवशीच्या पुऱ्या डब्यात घालून ती शेजारी नेऊन द्यायची. आज दारात आलेल्या बाईनं एक शब्द मागितला होता.

ते उठले, मोरीत गेले, चूळ भरली, परत येऊन बसले. बसल्या बसल्या झोप नव्हे पण झोपेसारखं काहीतरी डोळ्यांवर आलं आणि त्यात झिराडची पायवाट आली, माडांच्या सावल्या, बैलगाडीतून अलिबागला निघालेले सगळे. त्यांच्यात प्रार्थनेच्या देवळाला मशीद म्हणत. त्या मशिदीत पांढऱ्या कपड्यांची दाटी, तेलाच्या दिव्यांची ऊब, आणि शंभर माणसं एकाच वेळी उजवी मूठ छातीवर आपटत कबुली देताहेत. आम्ही चुकलो. आम्ही लुबाडलं. आम्ही खोटं बोललो. आठ वर्षांचा शिमोन बापाच्या सदऱ्याला धरून उभा. त्याला हे काही पटत नव्हतं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं होतं, "पपा, मी तर कुणाला लुबाडलं नाही. मग मी कशाला म्हणू?" पपा मितभाषी होते, तेलाचा वास असलेले. गाडी चालू लागल्यावर म्हणाले, "तू नसशील लुबाडलंस. आत कुणीतरी लुबाडलेलं असेलच ना? तो एकटा 'मी' म्हणून उभा राहिला तर मोडून जाईल. म्हणून सगळ्यांनी 'आम्ही' म्हणायचं. आणि दुसरं असं, की त्यानं लुबाडलं तेव्हा तू कुठं होतास?" मुलाला पहिलं कळलं, दुसरं कळलं नाही. मी तर शाळेत होतो, असं तो म्हणाला आणि गाडीतली सगळी हसली.

काल ते एकटेच होते. कबुली तीच, शंभर माणसांची, एका खोलीत एका तोंडानं. यंदा दसराही त्याच दिवशी आला होता. शेजारचे तातेराव आणि कांताबाई दीक्षाभूमीला, नागपूरला गेले होते. समोरच्या राधेश्यामच्या घरी आपट्याची पानं घेऊन माणसं येत-जात होती. दुपारनंतर गल्ली निवली. खिडकीच्या फटीतून ऊन आत येऊन फरशीवर पडलं होतं आणि उपाशी डोळ्यांना ते हलताना दिसत होतं, पाण्यासारखं. जीभ टाळूला चिकटली होती. वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं, मग काहीतरी ओढलं गेलं. शिमोननी प्रार्थनेच्या पुस्तकावरची नजर उचलली नाही. मूठ छातीवर पडत होती. आम्ही चुकलो, ठक. आम्ही कठोर झालो, ठक. आणि मध्येच एक ठक जास्तीची ऐकू आली, छातीवर न पडलेली. मग अजून एक. मूठ हवेत थांबली. कडीपलीकडून आवाज आला, "काका." एकदाच. फार हळू, जसं कुणी झोपलेल्याला उठवू की नको अशा बेतानं हाक मारतं. मग चपलांचा आवाज, एक चप्पल घासटत गेलेली. शिमोननी डोळे मिटले आणि मूठ खाली आणली. सकाळपासून ते स्वतःला सांगत होते, कुणीतरी सोनं द्यायला आलं असेल. पण सोनं द्यायला आलेलं माणूस असं 'काका' म्हणत नाही. आणि आता, शिळ्या सणाच्या या उजेडात, खोटं एकदा तोंडातून निघून गेल्यावर, त्याच्या मागं लपलेलंही बाहेर आलं: त्यांनी आवाज ओळखला होता. ओळखूनच डोळे मिटले होते. जीव वाचवायचा असेल तर उपास मोडावा, प्रार्थना अर्धी टाकावी, दार उघडावं, हे पपांनी त्यांना पाठ करून घेतलं होतं. तेही काल आठवलं होतं. आणि आठवूनही वाटलं होतं, आज नको. आज मी स्वच्छ आहे.

आज नको, हे काल पहिल्यांदा वाटलं नव्हतं. वर्षभर वाटत होतं. दैवशाला आणि तिचा नवरा कल्याण वर राहायला आले तेव्हापासून. कल्याणचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, बोलायला गोड. शिमोनची गोळ्यांची पाकिटं तोच आणून द्यायचा. "काका, काही लागलं तर बिलकुल संकोच करू नका." त्याच्या तोंडावरून काही कळायचं नाही. छतावरून कळायचं. आधी आवाज चढायचा, मग तो एकदम बंद व्हायचा, आणि त्या बंद झालेल्या आवाजात जे व्हायचं त्याला आवाज नसायचा, नुसता पंखा थोडा थरथरायचा. मग समोरच्या राधेश्यामचा टीव्ही मोठा व्हायचा. शिमोन स्वतःही रेडिओ लावायचे. दुसऱ्या दिवशी दैवशाला नळावर भेटली की ते विचारायचे, "बरं आहे ना?" तीही म्हणायची, "बराबर हाय की काका." असा प्रश्न, की ज्याला दुसरं उत्तरच देता येऊ नये. आयुष्यभर त्यांनी बियाण्यांच्या कंपनीत उगवणशक्ती तपासली होती. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं उघडून मोड मोजायचे. दाणे कोणत्या शेतातले, कुणी वेचले, ते कधी कुणी विचारत नसे. शंभर दाण्यांवरून सगळ्या ढिगाचा निकाल लागायचा; चांगला दाणाही त्या ढिगाबरोबरच पास व्हायचा नाहीतर नापास. तेव्हा त्यांना हे अगदी न्यायाचं वाटायचं.

अकराच्या सुमारास ते बाहेर आले. जिना बाहेरूनच होता, वर कल्याणच्या दाराला कुलूप. तो कालपासून पसार होता. शिमोन जिन्याच्या शेवटच्या पायरीशी उभे राहिले. पपांनी सांगितलेली एक जुनी रीत त्यांना आठवली. दोन गावांच्या मधे शेतात एखाद्याचं प्रेत सापडलं आणि मारणारा कोण ते कळलं नाही, तर गावोगावचे वडीलधारे यायचे आणि प्रेतापासून एकेका गावापर्यंतचं अंतर मोजायचे. जे गाव सगळ्यात जवळ, त्याच्या वडीलधाऱ्यांनी देवासमोर हात धुवायचे आणि सांगायचं, हे रक्त आमच्या हातून सांडलं नाही. शिमोननी तेव्हा विचारलं होतं, म्हाताऱ्यांवर कोण संशय घेणार होतं? पपा म्हणाले होते, "मारलं का, असं त्यांना विचारत नाहीत. तो माणूस तुमच्या गावातून गेला तेव्हा त्याला भाकरी दिली का, वेशीपर्यंत सोबत गेलात का, ते विचारतात." शिमोन पावलं मोजत निघाले. राधेश्यामच्या फाटकापर्यंत एकतीस. तातेरावांच्या जिन्यापर्यंत चोवीस. स्वतःच्या दारापर्यंत नऊ. ते परत पायरीशी गेले आणि लहान पावलं टाकून पुन्हा मोजलं. अकरा.

"काय हरवलं का काका?" राधेश्यामनं फाटकातून विचारलं. त्याचं आडत दुकान होतं, माणूस वाईट नव्हता.

"काल ती तुमच्याकडं आली होती?"

राधेश्यामनं मागं घराकडं पाहिलं. "घरात पाव्हणे होते हो. बायको म्हणली, कुणीतरी फाटक वाजवतंय. मी म्हटलं, नवरा-बायकोचं चाललेलं असतं, आपण मधी पडलो की दोघं मिळून आपल्यावरच पलटतात." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्या म्हातारीला मी न्हाई म्हणून सांगितलंय. तुम्ही काय सांगितलं?"

"मीही नाही म्हणालो."

"मंग झालं तर," राधेश्याम म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. शिमोनना वाटलं, हीही एक मशीदच. इथंही सगळे मिळून एकच वाक्य म्हणताहेत.

दवाखान्यात ते रिक्षानं गेले. बायकांच्या वॉर्डाबाहेर व्हरांड्यात गोजरबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, पिशवी मांडीत. आतल्या खाटेवर दैवशालाचा प्लास्टरमधला हात तेवढा दिसत होता. हात दोन ठिकाणी मोडला होता, डाव्या कानातून रक्त गेलं होतं. शिमोनना वाकायला त्रास व्हायचा, तरी ते खाली बसले. बसताना वाटलं की हे सगळं पाण्याखाली चाललंय. नर्स, स्ट्रेचर, डबे घेऊन आलेली माणसं, सगळी हळू हळू तरंगत जात होती.

"बाई," ते म्हणाले, "ती आली होती. आम्ही दार उघडलं नाही."

गोजरबाईनं मान वळवली. "आमी म्हंजे? घरात आनखी कोन व्हतं?"

साठ वर्षं शिमोन 'आम्ही' हा शब्द म्हणत आले होते. छातीवर मूठ आपटून, डोळे मिटून, सगळ्या जगाला पोटात घेतल्यासारखं वाटून. एकट्यानं मोडून जाऊ नये म्हणून दिलेला शब्द. आणि त्या शब्दाच्या पोटात आपण किती ऐसपैस निजलो होतो ते या बाईनं एका प्रश्नात उघडं केलं होतं.

"कुणी नव्हतं," ते म्हणाले. "मी एकटा होतो. मी आवाज ओळखला होता. मी उघडलं नाही."

"मंग सकाळी न्हाई का म्हनालात?"

"भ्यालो."

"कुनाला?"

"तुम्हाला."

गोजरबाई हसली नाही, रडली नाही. "मला कोन भेतंय," ती म्हणाली. "जलमात कुनी भ्यालं न्हाई." शिमोनना वाटत होतं तिनं शिव्या द्याव्यात. ती म्हणाली, "मला सांगून काय व्हनार? माझी पोरगी मला ठाव हाय. पोलिसाला सांगा. जावई फोनवर म्हनून राह्यला ती जिन्यावरून पडली."

दुसरा दिवस शनिवार होता. शनिवारी त्यांच्यात हाती लेखणी धरत नाहीत. हे एवढं एक ते कंपनीतही पाळत आले होते, त्या दिवसाची टिपणं रविवारी करत आले होते. पोलीस ठाण्यात हवालदार बाई संगणकावर जबाब उतरवून घेत होत्या. त्या तिशीतल्या, थकलेल्या, पण कान देऊन ऐकणाऱ्या होत्या. शिमोननी सगळं सांगितलं. सणाच्या दिवशी काय पडलं, काय ओढलं गेलं, किती वाजता, हाक कशी आली. मग वर्षभराचं सांगितलं. छत, पंखा, रेडिओ.

"रेडिओ कशाला लिहू?" बाईंनी विचारलं.

"लिहा. मी लावत होतो."

बाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि लिहिलं. "आणखी कुणी ऐकलं हे? गल्लीत?"

शिमोनच्या डोळ्यांपुढं फाटक आलं, भिंती आल्या, मोठा झालेला टीव्ही आला. नावं जिभेवर होती. दिली असती तर हलकं वाटलं असतं, आणि तेच त्यांना नको होतं. "माझं मी सांगितलं," ते म्हणाले. "त्यांचं त्यांना सांगू द्या."

"काका, एकट्याच्या जबाबावर लई चालत न्हाई केस. वकील म्हणंल, म्हाताऱ्या माणसाला काय ऐकू येतंय." त्यांनी कागद पुढं सरकवला. शिमोननी पेन घेतलं. पेन हातात असं विचित्र लागलं, जणू दुसऱ्याच कुणाचं बोट. त्यांनी सही केली, पूर्ण नावानिशी, आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसले. घरी जावंसं वाटेना. समोर जप्त केलेल्या मोटारसायकली धूळ खात उभ्या होत्या, त्यांच्यामधून गवत वर आलं होतं. किती वेळ गेला कळलं नाही. ऊन बाकाच्या पायाशी आलं, मग त्यांच्या पायांवर.

ठाण्याच्या फाटकातून तातेराव आणि कांताबाई आत येताना दिसले, तेव्हा आधी त्यांना तेही स्वप्नातलंच वाटलं. कांताबाईंच्या अंगावर अजून नागपूरहून येतानाची चुरगळलेली पांढरी साडी होती.

"आत्ताच उतरलो," तातेराव म्हणाले. ते निवृत्त मास्तर, आवाज अजून वर्गातला. "राधेश्याम म्हणाला तुम्ही इकडं आलात."

"तुम्ही कशाला आलात?" शिमोन म्हणाले. "तुम्ही तर नव्हताच त्या दिवशी. तुमच्यावर काहीच येत नाही."

"त्या दिवशी नव्हतो, खरंय," कांताबाई म्हणाल्या. "पन वरीसभर तर हितंच व्हतो ना? वरची भित एकच हाय आमची न् तिची. मी भाकरी थापता थापता थांबायची, झिराडकर भाऊ. ऐकायची. न् मंग पुन्हा थापायची." त्यांचा आवाज फुटला. तातेरावांनी बायकोच्या खांद्याला हात लावला, पण त्या थांबल्या नाहीत, पदरानं तोंड पुसत सरळ आत गेल्या. आतून हवालदार बाईंचा आवाज आला, "नाव सांगा." आणि कांताबाईंनी आपलं नाव सांगितलं, शाळेत हजेरी देतात तसं, मोठ्यानं.

बाकावर तातेराव शिमोनशेजारी बसले. पपांनी गाडीत विचारलेला तो दुसरा प्रश्न इतक्या वर्षांनी शिमोनना ऐकू येत होता, आणि पहिल्यांदाच त्याचं उत्तर द्यायला ते एकटे नव्हते.

कल्याण चार दिवसांनी राजूरला मामाच्या घरी सापडला. राधेश्याम जबाब द्यायला गेला नाही. शिमोन समोर दिसले की तो फोन कानाला लावायचा. गल्लीतली काही माणसं शिमोनशी बोलेनाशी झाली. गल्लीत नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसानं निरोप पाठवला की या वयात कोर्टाच्या चकरा झेपतील का. दैवशाला महिनाभर आईकडं राहिली. दिवाळी झाल्यावर एका सकाळी मायलेकी सामान न्यायला आल्या. घरासमोर टेम्पो उभा होता; तो राधेश्यामच्या दुकानाचा होता, आणि डिझेल भरून दिलंय एवढंच ड्रायव्हर सांगत होता. मालक बाहेर आला नाही.

भांडी उतरली, कपाट उतरलं. शेवटी जिन्याच्या खालच्या वळणावर शिलाई मशीन अडकलं, लोखंडी पायाचं, जुनं. वर तातेराव आणि गोजरबाई, दैवशालाचा एकच हात कामाचा. शिमोन खाली उभे होते. दैवशाला दोन पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर आली. तिनं मान थोडी वळवून उजवा कान पुढं केला. दुसऱ्यानं आता ऐकू येत नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "मी दोनदाच वाजिवलं. तिसऱ्यांदा वाजिवलं असतं तर तुम्ही उघडलं असतं का?"

शिमोनना हो म्हणायचं होतं. वर गोजरबाई ऐकत होती, तातेराव ऐकत होते. त्यांनी त्या दुपारच्या खोलीत पुन्हा एकदा जाऊन पाहिलं. फरशीवरचं ऊन, हवेतली मूठ, मिटलेले डोळे.

"माहीत नाही," ते म्हणाले.

दैवशालानं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळलं नाही, आणि कळावं असा आपला हक्कही नाही असं त्यांना वाटलं. मग ती बाजूला सरकली.

"बरं," ती म्हणाली. "खालची बाजू धरा. जड हाय, एकट्यानं उचलू नका."

शिमोन दोन पायऱ्या चढले, वाकले आणि त्यांनी धरलं.